डावीकडे फाटलेली शिरोरेघ

४ फेब्रुवारी

ठिपके,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी कामाचं. तुझ्या काकांचे कागद पाठवते आहे. गुंडाळीत अठरा आहेत. एक उंदराने कडेने खाल्लाय, तोही घातला, कारण त्यातला ह चांगला आहे. तू म्हणालीस तुझ्या ऑफिसात कॉम्प्युटरसाठी अक्षरं बनवतात आणि पेंटरच्या अक्षरांवरून काहीतरी बनवायचं आहे. बनव. माझं काही म्हणणं नाही.

फोन करू नकोस. फोन मी पिठाच्या डब्यात ठेवलाय. पेंटर जाऊन चार महिने झाले, तरी अर्धी माणसं पाटी कधी मिळणार म्हणून विचारतात, आणि ज्यांना कळलंय ती जेवलात का म्हणून विचारतात. जेवते. चव लागत नाही, पण जेवते. परवा गरम पातेल्याला हात चिकटला, तो शेजारीण ओरडली तेव्हा मला कळला. फोड आलाय. दुखत नाही. शेजारणीची पंचाईत अशी की मी रडत नाही. बिचारी रुमाल घेऊन येते आणि तसाच कोरडा परत घेऊन जाते.

कागदांत सगळं पेंटरचं चांगलं काम आहे. गुळगुळीत, मागे सावली, कडेला बारीक पांढरी रेघ. आउटलाइन त्यांची, आतला रंग माझा. बत्तीस वर्षं हेच. 'ओढायचं मी, भरायचं तू' असं म्हणायचे. माझी शाळा दुसरीपर्यंत. त्यामुळे अक्षरं मला बाहेरून अर्धवट येतात, आतून पूर्ण येतात. चुका काढत बसू नकोस.

आशीर्वाद.
काकू

१५ फेब्रुवारी

काकू, नमस्कार.

फोन करत नाही. गुंडाळी नीट पोचली. उंदराचा कागद मी टेबलासमोर लावलाय. लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा काका मला पाटीवरचे फक्त अनुस्वार टाकू द्यायचे, आणि तू मला ठिपकी म्हणायला लागलीस, ते सगळं आठवलं.

आता स्पष्ट सांगते, रागावू नकोस. अक्षरं देखणी आहेत, पण सावलीची गुळगुळीत अक्षरं आमच्याकडे ढिगाने पडली आहेत. मला हवी आहेत ती शेवटच्या दोन वर्षांतली. खरखरीत. एका दमात ओढलेली, कडा फाटलेल्या, ब्रश सुकत गेला तशा आत केसांच्या रेघा उमटलेल्या. गॅरेजच्या भिंतीवर 'पंक्चर काढून मिळेल' आहे ना, तशी. ती भिंत बघ म्हणून काकांनीच मला कळवलं होतं. मागे मी घाईत येऊन गेले तेव्हा फोटो काढला. ऑफिसात दाखवला तर आमच्या मॅडम खुर्चीतून उठून जवळ आल्या. म्हणाल्या, या हातात धाडस आहे.

असा फॉन्ट बारीक मजकुराला चालत नाही. लहान केला की आतल्या रेघा बुजतात आणि कागदावर डाग पडल्यासारखं दिसतं. तो चार-पाच मोठ्या शब्दांपुरता असतो. नाटकाचं पोस्टर, मासिकाचं कव्हर, साबणाचं खोकं, दुकानाची पाटी. जिथे हे कुणीतरी हाताने केलंय असं वाटायला हवं, तिथे. मॅडमनी मंजुरी दिली आहे. फॉन्टचं नाव 'पेंटर' ठेवायचं ठरलंय, आणि पत्रकावर काकांचा फोटो. ती अक्षरं मिळवून देशील का?

तुझी,
ठिपकी

२३ फेब्रुवारी

ठिपके,

तुला वेड लागलंय. लोक आपल्या माणसाचा नीट बसलेला फोटो लावतात, तू खोकताना काढलेला लावायला निघालीस. ती अक्षरं वाईट आहेत. पेंटरचं नाव त्याखाली गेलं तर ते वरून ब्रश फेकून मारतील.

आणि धाडसबिडस काही नाही त्यात. डबा खाली, माणूस शिडीवर. उतरून ब्रश बुडवायचा कंटाळा. म्हणून सुकेपर्यंत ओढायचं. तुझ्या मॅडमना सांग, धाडस नाही, आळस आहे.

पेंटरनी तुला भिंत बघायला कळवलं हे मला माहीत नव्हतं. मला बोलले नाहीत. कधी कळवलं?

तुला लिहिणार नव्हते. पण मेकॅनिक म्हणाला की सोमवारी भिंतीला चुना लागणार आणि वर फ्लेक्स चढणार, मालकाचा हुकूम. म्हणून गेले. पातळ कागद चिकटवून कोळशाच्या कांडीने घासून सगळं उतरवून घेतलं. मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, एवढं करण्यापेक्षा भिंतच घेऊन जा, मी मागून धरतो." मी हसले नाही. मग त्याने स्टूल आणून दिलं. गेले तशी झेरॉक्सवाल्याची पाटी, गिरणीचा दरवाजा आणि दवाखान्याचं 'येथे थुंकू नका' पण उतरवलं. दवाखान्यातली बाई विचारत होती, तुम्हाला थुंकू नका कशाला हवंय. म्हटलं, आठवण म्हणून.

सगळं पाठवते आहे. ढ नाही. शाळेत मी ढ खूप ऐकला, पाटीवर कधी पाहिला नाही.

आशीर्वाद.
काकू

१० मार्च

काकू, नमस्कार.

सगळे कागद मिळाले. तू किती नीट उतरवलं आहेस. दोन आठवडे मी एकेक अक्षर मोठं करून बघते आहे.

काका कधी म्हणाले ते विचारलंस. एक कार्ड पाठवलं होतं त्यांनी, ते जाण्याआधी साताठ महिने. दोन ओळींचं. शोधून ठेवते.

आता एक विचारायचं आहे. काका शिरोरेघ नेहमी डावीकडून उजवीकडे ओढायचे. जुन्या कागदांत पण तसंच आहे. ब्रश टेकतो तिथे, म्हणजे डावीकडे, रंग भरलेला, आणि उजवीकडे संपत आलेला. या भिंतीवरच्या अक्षरांत उलट आहे. रेघ उजवीकडे भरलेली आणि डावीकडे फाटलेली. प्रत्येक शब्दात. ब्रश उजवीकडून डावीकडे आला आहे. उजव्या हाताने कुणी असं ओढत नाही. उजवी बाजू लुळी पडल्यावर काकांनी डावा हात वापरायला सुरुवात केली होती का?

तसं असेल तर ही केवढी गोष्ट आहे काकू. तू कधी बोलली नाहीस.

ठिपकी

१६ मार्च

ठिपके,

हो. उजवा गेल्यावर डाव्याने लिहायला लागले.

पुढे विचारू नकोस. इथे सगळं ठीक आहे. फोड बसला.

काकू

२० एप्रिल

काकू, नमस्कार.

सोबत दोन गोष्टी आहेत. एक पत्रकाचा नमुना, एक पोस्टर.

पत्रकावर काकांचा तो शिडीजवळचा फोटो आहे, तुला आवडतो तो. खालचं वाक्य मॅडमनी लिहिलंय: 'उजवा हात निकामी झाल्यावर या पेंटरने डाव्या हाताने अक्षर पुन्हा उभं केलं.' ऑफिसात सगळ्यांना मी गोष्ट सांगितली. आमचा हिशेबनीस, जो कुणाशी बोलत नाही, तो येऊन फोटो बघून गेला. पंधरा जूनला फॉन्ट बाहेर पडेल तेव्हा हे पत्रक सगळीकडे जाईल.

पोस्टर एका नाटकवाल्यांचं आहे. त्यांना तयार व्हायच्या आधीच फॉन्ट हवा होता, म्हणून दिला. नाटकाचं नाव 'कावळा कोण'. या महिन्यातच ठरलंय. अक्षरं हातभर उंच छापली आहेत. लांबून बघ.

आता फक्त सात अक्षरं राहिली आहेत: ढ, ङ, ञ, ऋ, ऐ, ष आणि क्ष. ही कुठल्याच पाटीवर नाहीत. घरात काकांनी सरावाला काही लिहिलेलं असेल का? शेवटच्या दोन वर्षांतलं. नसेल तर मी इतर अक्षरांचे तुकडे जोडून बनवीन, पण ते जोडलेलं कळतं.

तुझी,
ठिपकी

४ मे

ठिपके,

पत्रक आलं. मी ते शेजारणीला वाचायला दिलं ही चूक झाली. तिने जिन्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. शेवटी तिचा रुमाल तिच्याच कामी आला. मेकॅनिकने ते पत्रक मागून घेतलं आणि गॅरेजच्या दारावर लावलं. रस्त्यात माणसं थांबवून म्हणतात, काय जिद्दीचा माणूस होता. मी हो म्हणते. भाजी घेते. घरी येते.

फोटो चांगला आहे. पेंटरना फोटोची हौस होती.

पोस्टर भिंतीला लावून दाराबाहेरून बघितलं. लांबून बरं दिसतं. जवळून नाही. कावळ्याचा क आणि कोणचा क एकच आहे. दोन्हीच्या पोटात डावीकडे तोच केस. ब्रशचा केस सुटून रंगात अडकला होता, तो एकदा अडकला होता, गिरणीच्या दरवाजावर. तू त्याला सगळीकडे अडकवलास. माणसाच्या हातून दोन क सारखे येत नाहीत. पहिला काढताना हात वेगळा असतो, दुसऱ्याला दमलेला असतो. मी पोस्टरकडे तीन दिवस बघितलं, मग उलटं केलं.

खाटेखालच्या पेटीत पेंटरचे सरावाचे कागद सापडले. तुझी सातही अक्षरं आहेत. क पण तीन आहेत, वेगवेगळे. ते आलटून पालटून वापर.

आशीर्वाद.
काकू

११ मे

काकू,

क्ष च्या उजव्या पायाला मी अंगठा लावला आणि तो चिकटला. कागदावर माझा ठसा उमटलाय. गुंडाळी उघडल्यावर खोलीभर टर्पेंटाइनचा वास आला.

पेटीत नेमकी मी मागितलेली सात अक्षरं निघाली. आणि जे नाटक गेल्या महिन्यात ठरलं, त्याच्या पोस्टरवरचा क तीनदा.

शिरोरेघा डावीकडे फाटलेल्या आहेत.

मी अजून कुणाला काही बोललेले नाही.

ठिपकी

२४ मे

ठिपके,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज लिहायला बसले आणि उठले. आज घर झाडून झालं, भांडी झाली, आता दुसरं काही उरलं नाही.

मी डावरी आहे. तुला माहीत नसेल, कारण जेवताना मी उजवा वापरते. शाळेत बाई डाव्या हातावर पट्टी मारायच्या. दुसरीत सोडली. लग्नानंतर पेंटरनी ब्रश दिला तेव्हा मी विचारलं, कुठल्या हाताने. म्हणाले, भरायला कुठलाही चालतो. ते मला फार आवडलं होतं तेव्हा.

उजवी बाजू गेली तेव्हा त्यांच्या हातात सहा कामं होती. डाव्या हाताने प्रयत्न केला. एका पत्र्यावर सकाळपासून दुपारपर्यंत एक म काढला आणि पुसला. मग दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तू ओढ. आणि कुणाला कळता कामा नये. शब्द दे. मी दिला.

मला आउटलाइन येत नाही. गुळगुळीत अक्षराला आउटलाइन लागते. म्हणून मोठा ब्रश घेतला आणि एकदाच ओढलं. परत फिरवला की हात घाबरतो. उजाडायच्या आत उरकायचं, रस्ता जागा व्हायच्या आधी. डबा खाली आणि मी वर, हे तुला सांगितलंच आहे. त्यातलं काही खोटं नव्हतं.

पेंटर खाली खुर्चीवर बसायचे. रस्त्याकडे तोंड, भिंतीकडे पाठ. कुणी आलं तर खोकायचं ठरलं होतं. उजाडलं की मी उतरायचे, ब्रश त्यांच्या डाव्या हातात द्यायचे आणि पिशवी घेऊन बाजूला उभी राहायचे, भाजीला निघाल्यासारखी. माणसं यायची, म्हणायची, वा पेंटर, डाव्या हाताने. ते मान हलवायचे. हातावर रंग दिसायला हवा म्हणून रोज सकाळी त्यांच्या बोटांना मी रंग लावायचे. एकेका बोटाला, नखाच्या कडेला नीट. संध्याकाळी रॉकेलच्या चिंधीने पुसायचे. गेले त्या दिवशी सकाळी पण लावला होता, निळा. दवाखान्यात त्यांना स्वच्छ करणारी बाई म्हणाली, रंग निघत नाही हो, काम करता करता गेले बिचारे. मी म्हटलं, राहू द्या.

दोन वर्षांत एकतीस कामं झाली. पेंटरनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. घरी जाताना मी हात धरायचे आणि ते समोर बघत चालायचे. बरं झालंय का, असं मी विचारलं नाही. वाईट झालंय असंही ते म्हणाले नाहीत. कोपऱ्यात पेंटरची सही असायची, बारीक, तू बघितली आहेस. एकतीस कामांवर कोपरा रिकामा आहे. ते म्हणाले, सही नको करूस. मी विचारलं नाही का. मला वाटलं, लाज वाटत असेल.

तू शिरोरेघेचं विचारलंस तेव्हा मी खोटं लिहिलं. एकच ओळ लिहिली, तू तिचं पत्रक केलंस. तुझा दोष नाही. सरावाचे कागद म्हणून पाठवले ते पण खोटं. तुला जोडलेला ढ करू द्यायचा नव्हता एवढंच. ढ काढायला मला अख्खी दुपार लागली. पहिल्यांदाच काढत होते.

शब्द मोडला. मोडताना काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. बाहेर पाणी आलंय, बादली लावायची आहे.

पत्रकावरचं ते वाक्य मला वाचवत नाही. माझ्याच ओळीवरून केलंय तरी वाचवत नाही. पुढे काय करायचं ते तू ठरव. मला विचारू नकोस.

काकू

३० मे

काकू,

तुलाच विचारणार. पत्रकं पाच तारखेला छापायला जायची होती, मी मॅडमना सगळं सांगून ती बारापर्यंत थांबवली आहेत. त्या म्हणाल्या, अक्षर जिचं आहे तिला विचार. बारानंतर माझ्या हातात काही नाही. जुनं पत्रक गेलं तर काका कायमचे डाव्या हाताचे पेंटर होतील आणि तू कायमची कुणीच नाही. नवं गेलं तर तुझा शब्द मोडेल, चारचौघांत. मला दोन्ही जमेल. तू सांगशील ते.

पण त्याआधी हे बघ. कार्ड सापडलं. मूळच पाठवते आहे, जपून ठेव.

मला ते आलं तेव्हा मी एवढंच बघितलं की काकांनी स्वतः लिहिलंय, म्हणजे बरे होत आहेत. पेन्सिलीने डाव्या हाताने लिहिलंय. ओळ कार्डाच्या कोपऱ्यातून खाली घसरत गेली आहे. ज्या हाताला दोन ओळी सरळ ठेवता येत नव्हत्या त्याने ती भिंत लिहिली, असं मी धरून चालले. अक्षरांचं काम करते, आणि मला हे दिसलं नाही.

'गॅरेजची भिंत येऊन बघ. अक्षर चांगलं आहे. कुणाला सांगू नकोस.'

काका स्वतःच्या कामाला असं म्हणतील का, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

ठिपकी

९ जून

ठिपके,

कार्ड मिळालं. वाचलं. पिठाच्या डब्यात फोन होता, तो बाहेर काढला आणि कार्ड आत ठेवलं. मग वाटलं, पीठ लागेल. परत काढलं. आता उंदराला पोचणार नाही अशा फळीवर आहे.

पेंटर बत्तीस वर्षांत स्वतःच्या कुठल्याही पाटीला चांगलं म्हणाले नाहीत. ठीक आहे, म्हणायचे. फारच झालं तर, चालेल.

म्हणजे बघितलं होतं.

कार्ड पोस्टात कुणी टाकलं हे मला समजेना, ते एकटे कुठे जात नव्हते. मेकॅनिकला विचारायला गेले. तो म्हणाला, "माझ्याकडेच दिलं होतं वहिनी. तुम्ही भाजी घेत होतात. मी त्यांना खुर्चीसकट भिंतीकडे वळवून बसवलं, बराच वेळ बसले." मी म्हटलं, तुला माहीत होतं? तर म्हणतो, "मी गॅरेजातच झोपतो. तुम्ही चढायचात ती शिडी कुणाची होती?" दोन वर्षं मी ती शिडी गुपचूप घ्यायचे आणि गुपचूप ठेवायचे. तो म्हणाला, रोज बाहेर काढून तोच ठेवायचा.

मग मी तिथेच त्याच्या टायरवर बसले. त्याने पाणी दिलं. म्हणाला की फ्लेक्स वाऱ्याने फाटलाय आणि मालक नवा लावायला तयार नाही, भिंत कोरी पडली आहे.

आता तुझं काम. बारा तारखेच्या आत पोचावं म्हणून हे आजच टाकते.

डाव्या हाताचं वाक्य काढ. नुसतं काढू नकोस, खरं लिही. जसं झालं तसं, रडवू नकोस कुणाला. नाव माझं घाल, पुढेमागे काही न लावता, नुसतं नाव. फोटो पेंटरचाच राहू दे. ते खुर्चीवर बसले नसते तर मी शिडीवर चढले नसते. फॉन्टला 'पेंटर' नको, 'गॅरेज' म्हण. शब्द मोडतोय तर पूर्ण मोडू दे. त्यांनी आधी मोडला, तुला कार्ड टाकून.

तुझ्या मॅडमना सांग, औषधाच्या बाटलीवर बारीक करून कुणी वापरलं तर मी येऊन भांडेन. बाकी साबण, चपला, नाटकं, काय वाट्टेल ते करा. क्ष चा उजवा पाय मला आवडलेला नाही, दुसरा पाठवते आहे. या वेळी वाळवून. आणि प्रत्येक अक्षर तीन-तीनदा काढून देईन, एका केसावर अख्खी भाषा चालवू नका.

काल सकाळी अकरा वाजता गॅरेजची भिंत लिहिली. उन्हात, रस्ता भरलेला असताना. शेजारीण खुर्ची आणून बसली, भिंतीकडे तोंड करून. गिरणीवाला बघत होता, दवाखान्यातली ती बाई बघत होती. एकजण म्हणाला, ही तर पेंटरची बायको. मेकॅनिक शिडी धरून उभा होता, म्हणाला, "गप, ओढू दे त्यांना." 'पंक्चर काढून मिळेल', पूर्वीपेक्षा हातभर मोठं. चार वेळा बुडवायला उतरले, आता घाई नव्हती. पण ओढलं एकदाच. खाली कोपऱ्यात सही केली. लहान आहे, शोधावी लागेल.

पं वरचा ठिपका टाकलेला नाही. मेकॅनिक ओरडतोय की लोक पक्चर वाचतात. म्हटलं, वाचू दे चार दिवस. तो टाकणारी दुसरी आहे, तिला रजा मिळायला हवी.

डावा खांदा रात्रीपासून ठणकतोय. तेल लावलं नाही. पेंटर गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी दुखतंय, दुखू दे जरा.

काकू